बागांना टाळं लावणाऱ्या शहरात मैदान आखताना

१ जानेवारी १९५९ पासून अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहराने आपल्या सगळ्या सार्वजनिक बागा बंद केल्या. बागा काळ्या लोकांनाही खुल्या व्हाव्यात म्हणून काही नागरिक कोर्टात गेले होते. गोऱ्या मुलांच्या शेजारी काळी मुलं झोके घेणार असतील, तर कुणीच घेऊ नयेत, असं नगरपालिकेने ठरवलं. ओक पार्कमधला पोहण्याचा तलाव बुजवला आणि तिथल्या छोट्या प्राणिसंग्रहालयातले प्राणी विकून टाकले. बागा उघडायला १९६५ उजाडावं लागलं. दरम्यान १९६२ च्या सुरुवातीला त्याच राज्यातल्या बर्मिंगहॅमने हाच मार्ग धरला. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहराने आपले पोहण्याचे तलाव बंद केले, आणि १९७१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ते मान्यही केलं. माँटगोमेरीच्या बागांना टाळं लागलं त्याच वर्षी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, तिथल्या एका चर्चचे तरुण धर्मोपदेशक भारतात आले होते आणि मुंबईत मणिभवनात उतरले होते. ते होते डॉ. मार्टिन ल्यूथर किंग. पुढे एप्रिल १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या सहा वर्षांच्या मुलीबद्दल लिहिलं. टीव्हीवर जाहिरात लागते त्या ‘फनटाउन’ या करमणूक-बागेत आपल्याला का जाता येत नाही, असं ती विचारते आणि उत्तर देताना बापाची जीभ अडखळते.

आफ्रिकन-अमेरिकन लोकांचा इतिहास आणि नागरी हक्कांचा लढा मुलांपर्यंत पोहोचवायला खेळाच्या मैदानाइतकी योग्य जागा नाही, ती यामुळे. मैदान हीच त्या लढ्यातली एक वादाची जागा होती. तरीही अशी मैदानं आखताना बहुतेक वेळा एकच गोष्ट घडते. कंपनीच्या कॅटलॉगमधून लाल-निळ्या रंगाचा एक तयार संच निवडला जातो आणि त्याच्या कठड्यांवर रोझा पार्क्स, हॅरिएट टबमन, डॉ. किंग यांची चित्रं असलेले फलक ठोकले जातात. घसरगुंडीकडे धावणारं मूल फलक वाचायला थांबत नाही. चार उन्हाळ्यांत चित्रं फिकी पडतात, आणि उरतो तो कुठल्याही शहरात दिसणारा खेळसंच. इतिहास खेळण्यावर चिकटवून चालत नाही. तो खेळण्याच्या मापांत, रस्त्याच्या लांबीत, बसायच्या जागेत असायला हवा. मुलाने एक अक्षर वाचलं नाही तरी त्याच्या अंगाला काहीतरी कळलं पाहिजे. नाव-गाव-सनावळी मागाहून येते, आणि तेव्हा ती पक्की बसते.

माँटगोमेरीतच अर्ध्या एकराचं, म्हणजे साधारण ४५ मीटर लांब-रुंद मैदान आखायचं आहे असं धरून चालू. पहिली गोष्ट चालण्याची. बसमध्ये गोऱ्या माणसासाठी जागा सोडायला नकार दिला म्हणून रोझा पार्क्स यांना १ डिसेंबर १९५५ ला अटक झाली, ५ डिसेंबरला काळ्या लोकांचा बस-बहिष्कार सुरू झाला आणि २० डिसेंबर १९५६ ला संपला. इतिहासात ३८१ दिवस हा आकडा नोंदला गेला आहे. आठ वर्षांच्या मुलाला ३८१ म्हणजे किती, हे आकडा वाचून कळत नाही, पायांनी कळतं. म्हणून मैदानाभोवती एक गोल वाट करायची आणि तिच्या मध्यरेषेवर ३८१ दगडी पट्ट्या बसवायच्या, एका दिवसाला एक. दर पट्टीला २० सेंटिमीटर धरले तर वाट ७६.२ मीटर लांब होते आणि वर्तुळाचा व्यास २४ मीटरच्या थोडा वर जातो. अर्ध्या एकरात हे आरामात बसतं. दर सातवी पट्टी वेगळ्या रंगाची आणि खाचा पाडलेली ठेवली, की आठवडा पायाला आणि पांढऱ्या काठीला कळतो. अशा ५४ पट्ट्या होतात आणि शेवटी तीन साध्या उरतात. ३४४ व्या पट्टीवर बारीक अक्षरांत एकच तारीख कोरायची, १३ नोव्हेंबर १९५६. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने बसमधला वर्णभेद बेकायदा ठरवला. पण आदेशाचा कागद शहरात पोहोचेपर्यंत लोक बसमध्ये चढले नाहीत, आणखी ३७ दिवस चालत राहिले. निकाल लागला म्हणजे काम झालं असं नसतं, हे ज्या मुलाला अजून ३७ पट्ट्या चालायच्या आहेत त्याला समजावून सांगावं लागत नाही. ३८१ व्या पट्टीपाशी बसथांब्यासारखा एक लांब बाक ठेवायचा, सगळ्या जागा एकसारख्या असलेला.

हे कागदावर सोपं दिसतं आणि जागेवर हमखास बिघडतं. २० सेंटिमीटरच्या पट्ट्या मागवल्या आणि प्रत्येकीत ३ मिलिमीटरची सांध सोडली, तर ३८१ सांधी मिळून सुमारे १.१४ मीटर जास्त लांबी लागते. वर्तुळ तर आधीच ओतलेलं असतं. मग कंत्राटदार शेवटच्या पाच-सहा पट्ट्या गाळून टाकतो आणि आकडाच खोटा ठरतो. त्यासाठी पट्टी १९७ मिलिमीटरची मागवायची आणि सांध धरून २० सेंटिमीटर मोजायचे. दुसरी चूक मोजणी कुठून करायची याची. वाट १.८ मीटर रुंद असेल, तर तिची आतली कड मध्यरेषेपेक्षा साडेपाच मीटरहून अधिक आखूड असते, म्हणून नकाशात ‘लांबी मध्यरेषेवर’ असं ठळक लिहावं लागतं. तिसरी अडचण मातीची. माँटगोमेरी ज्या पट्ट्यात आहे तिथे काळी चिकणमाती आहे, कापसासाठी प्रसिद्ध, पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला तिचा स्वभाव वेगळा सांगायला नको. थेट मातीवर दगड बसवले तर दोन वर्षांत वर-खाली होतात. खाली जिओटेक्स्टाइलचं कापड, त्यावर निदान १५ सेंटिमीटर दाबलेली खडी आणि मग काँक्रीट, हे टाळता येत नाही. व्हीलचेअरच्या वाटेवर ६ मिलिमीटरपेक्षा जास्त उभा उंचवटा अमेरिकेच्या अपंग-सुलभता नियमांत चालत नाही. एक पट्टी बोटभर वर आली, की ती वाट त्या मुलासाठी बंद होते.

बसविषयी प्रत्येक समितीत आग्रह असतो, कारण मोठ्यांच्या डोळ्यांसमोर आधी बस येते. खरी जुनी बस आणून ठेवणं हा सगळ्यांत वाईट पर्याय आहे. जुन्या रंगात शिसं असतं, दारांच्या फटीत बोटं सापडतात, आत काय चाललं आहे ते बाहेरून दिसत नाही आणि उन्हात पत्र्याची भट्टी होते. त्याहून वाईट म्हणजे पुढच्या जागा गोऱ्यांच्या, मागच्या काळ्यांच्या अशी रंगवलेली प्रतिकृती. माँटगोमेरीच्या त्या बसमध्ये ३६ जागा होत्या. पुढच्या १० गोऱ्यांसाठी राखीव होत्या आणि मधली सीमा चालकाच्या मर्जीने सरकायची. एक गोरा माणूस उभा राहिला म्हणून त्या ओळीतल्या चौघांना उठायला सांगण्यात आलं. तिघे उठले, रोझा पार्क्स बसून राहिल्या. हे सांगायलाच हवं, पण ते मुलांकडून वठवून घेऊ नये. खेळात एका मुलाला ‘तू मागे जा’ म्हणणारा दुसरा मुलगा लागतो, आणि मागे कोण जाणार हे वर्गातली मुलं आपोआप ठरवतात. बस हवीच असेल तर नुसता उघडा पोलादी सांगाडा करावा. दोन्ही टोकांना बाहेर पडायची वाट असावी आणि बाक सगळे सारखे असावेत. एक बारकावा नजरेतून सुटतो. व्हीलचेअरसाठी ७६ बाय १२२ सेंटिमीटर मोकळी जागा ठेवावी लागते, आणि मांडणीच्या सोयीसाठी ती बहुधा बसच्या मागच्या टोकाला टाकली जाते. याच बसमध्ये, याच शहरात, एका मुलाची जागा मागे ठरवून ठेवायची हे कुणाला खटकत नाही. ती जागा मध्यभागी हवी, दोन्ही बाजूंना बाक असलेली.

वर्तुळाच्या आतून एक मातीचा उंचवटा जावा. ७ मार्च १९६५ ला सेल्मा गावातून मतदानाच्या हक्कासाठी निघालेले सुमारे ६०० लोक एडमंड पेटस पुलावर चढले, तेव्हा पलीकडे उभे असलेले पोलीस त्यांना पायथ्यापासून दिसत नव्हते. पूल मध्यावर उंचावलेला आहे. माथ्यावर पोहोचल्यावरच समोरचं दिसतं. ही गोष्ट मुलाच्या अंगाला कळवायची तर उंचवटा त्याच्या डोळ्यांपेक्षा उंच हवा. सहा वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून साधारण एक मीटरवर असतात, म्हणून १.२ मीटर उंची पुरते. चढ १६ ला १ पेक्षा तीव्र नको, म्हणजे एका बाजूला १९.२ मीटर लांबी लागते. दोन्ही बाजू आणि माथ्यावरची दीड मीटरची सपाट जागा मिळून सुमारे ४० मीटर होतात. वर्तुळाच्या व्यासात हे मावत नाही, म्हणून उंचवट्याची वाट वळवून, वर्तुळाला दोनदा छेदून न्यावी लागते. छेदायच्या दोन्ही जागी ती जमिनीच्या पातळीवरच असली पाहिजे, नाहीतर ३८१ ची वाट तुटते. काही आराखड्यांत याऐवजी लाकडी कमानी पूल दाखवलेला असतो. पण व्हीलचेअरला चालेल असा उताराचा पूल ६० सेंटिमीटरच्या वर नेणं जागेअभावी जमत नाही आणि तेवढ्या उंचीने पलीकडचं काहीच झाकलं जात नाही. अशा पुलाने दिखावा होतो, अनुभव मिळत नाही. उंचवट्याच्या कडेचा गवती उतार ३ ला १ पेक्षा उभा ठेवू नये, नाहीतर गवत कापायचं यंत्र चढत नाही, कापणी थांबते आणि पहिल्या मोठ्या पावसात माती वाटेवर येते.

पलीकडे पोलिसाचा पुतळा नको. पलीकडे मतदान असावं, कारण लोक त्यासाठीच निघाले होते. दर महिन्याला जमिनीवर कोणता खेळ रंगवायचा, हे मुलांनी ठरवायचं. मत देण्यासाठी सुटे गोळे ठेवू नयेत. ४४ मिलिमीटरपेक्षा लहान चेंडू तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतो आणि मोठे गोळे आठवडाभरात नाहीसे होतात. पाटीवरच्या मण्यांसारखे, दांडीत ओवलेले आणि निघू न शकणारे मोठे मणी लावायचे, प्रत्येक पर्यायाला एक दांडी. आणि जो पर्याय जिंकेल तो खरोखर रंगवायचा. यासाठी रंग, साचे आणि महिन्यातला अर्धा दिवस एका माणसाचं काम एवढी तरतूद आधी करावी लागते. ती नसेल तर मतदानाची पाटी लावूच नये. मत दिलं आणि काहीच बदललं नाही, हा धडा त्या शहराने फार वर्षं दिलेला आहे. पाटीशेजारी एक बंद, पारदर्शक बरणी असू शकते, आत रंगीत गोळ्या भरलेली. दक्षिणेत काळ्या मतदाराला ‘या बरणीत किती गोळ्या आहेत’ असले प्रश्न विचारून नोंदणी नाकारली जात असे, अशा आठवणी आहेत. बरणीवर आकड्यांची फिरती चकती लावायची आणि कोणत्याही आकड्याला ‘चूक’ हेच उत्तर यावं. हा अन्याय इथे चालतो, कारण तो प्रत्येक मुलावर सारखाच होतो. अशा मैदानात पाळायचा सगळ्यांत महत्त्वाचा नियम हाच आहे. खेळातला अन्याय सगळ्यांच्या वाट्याला सारखा यावा, मुलांच्या रंगावरून किंवा गटावरून वाटला जाऊ नये.

पिण्याच्या पाण्याचा नळ ही सगळ्यांत नाजूक जागा, आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. अमेरिकेच्या नियमांप्रमाणे पाण्याचे दोन नळ लागतात. एक उभ्या माणसासाठी, तोटी साधारण ९६ ते १०९ सेंटिमीटरवर. दुसरा व्हीलचेअरसाठी, तोटी जास्तीत जास्त ९१ सेंटिमीटरवर. बाजारात यांची जोडी तयार मिळते, एक उंच आणि मोठा, त्याला चिकटून एक बुटका आणि लहान. आता १९५० साली नॉर्थ कॅरोलिनात टिपलेलं ते छायाचित्र आठवा. एकीकडे ‘गोरे’ लिहिलेला चांगला शीतनळ, शेजारी ‘कलर्ड’ लिहिलेलं छोटं भांडं, आणि त्यावर वाकलेला काळा माणूस. कॅटलॉगमधली जोडी उभी केली की तेच चित्र तयार होतं, आणि तेही नागरी हक्कांच्या मैदानात. उपाय महागडा नाही. दगडाची एकच लांब पन्हळ करायची, दोन वेगळ्या उंचींवर उतरत जाणारी. पाण्याची जोडणी एक, दोन्हीकडे भांडी एकाच मापाची आणि एकाच धातूची, वरच्या नळाचं सांडलेलं पाणी खालच्या पन्हळीतून वाहत एकाच जाळीत जाणारं. भांडी वेगळ्या मापाची आली तर माल परत पाठवावा, तडजोड करू नये. मराठी माणसाला पाण्याच्या जागेचा अर्थ वेगळा शिकवायला नको. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले, ते एका ओंजळीसाठी. अलाबामातल्या या मैदानात महाडचा फलक लावायची गरज नाही. पण ते आखणाऱ्यांत एखादा मराठी माणूस असेल, तर त्याने नळाचा नकाशा स्वतः तपासावा.

काय ठेवायचं यापेक्षा काय ठेवायचं नाही, ही यादी आधी करावी. पाण्याचे जोरदार फवारे नकोत. २ मे १९६३ ला बर्मिंगहॅममध्ये शाळा सोडून हजारो मुलं रस्त्यावर यायला लागली, आणि दुसऱ्या दिवशी अग्निशमन दलाच्या पाइपांनी त्यांना रस्त्यावर लोळवलं गेलं. त्या घटनेची आठवण सांगणाऱ्या मैदानात ‘वॉटर कॅनन’ नावाचं खेळणं बसवण्याची कल्पना कुणी मांडली, तर ती तिथेच थांबवावी. उन्हाळ्यात पाणी हवंच असेल तर जमिनीतून हळू वर येणारं, गुडघ्यापर्यंतचं पाणी ठेवावं. उभ्या गजांचं पिंजऱ्यासारखं चढण नको. जहाजाच्या आकाराचं खेळणं नको, ते इतर कुठल्याही बागेत शोभतं, इथे नाही, कारण गुलाम जहाजांतूनच आणले गेले. आणि झाडाच्या फांदीला लटकणारा दोर तर कुठल्याच रूपात नको. दक्षिणेतल्या काळ्या कुटुंबांना तो जमावाने झाडाला लटकवून मारलेल्या माणसांची आठवण देतो. शिवाय खाली मोकळा सुटलेला दोर गळ्यात अडकू शकतो, म्हणून सुरक्षिततेचे नियमही त्याला मना करतात. बर्मिंगहॅमच्या केली इनग्रॅम पार्कमध्ये वाटेच्या दोन्ही बाजूंनी झेपावणाऱ्या पोलिसी कुत्र्यांची शिल्पं आहेत आणि त्यांच्या मधून चालावं लागतं. ते स्मारक म्हणून जबरदस्त आहे. चार वर्षांच्या मुलाच्या झोक्याशेजारी ते असता कामा नये. १५ सप्टेंबर १९६३ ला सोळाव्या रस्त्यावरच्या चर्चमध्ये बॉम्बने मारल्या गेलेल्या चार मुलींची गोष्ट सांगायची, तर ती बाहेरच्या कडेला, मोठ्यांच्या बाकांच्या पाठीवर, खेळाकडे तोंड न करणाऱ्या बाजूला असावी. ती कधी वाचून दाखवायची हे त्या मुलाच्या माणसांना ठरवू द्यावं.

लहानांच्या, म्हणजे दोन ते पाच वर्षांच्या कोपऱ्यात वाळूचं स्वयंपाकघर असतं, आणि माँटगोमेरीत त्याला नाव शोधावं लागत नाही. जॉर्जिया गिलमोर ही स्वयंपाकीण बहिष्काराच्या काळात घरी कोंबडी तळून, ‘पाय’ नावाचा गोड पदार्थ आणि केक भाजून विकायची आणि तो पैसा आंदोलनाला द्यायची. सोबतच्या बायकांची नावं फुटू नयेत म्हणून गटाचं नाव होतं ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’, म्हणजे ‘कुठूनच नाही’ असा क्लब. पैसा कुठून आला असं कुणी विचारलं, तर उत्तर तयार. आणि बागा खुल्या करा म्हणून शहरावर जो दावा झाला, त्यावर नाव होतं गिलमोर यांचंच. स्वयंपाकघराच्या ओट्याची उंची ७८ सेंटिमीटरच्या आत ठेवावी. खाली ६१ सेंटिमीटर उंच, ७६ सेंटिमीटर रुंद आणि ४३ सेंटिमीटर खोल अशी गुडघ्यांना मोकळी जागा हवी, म्हणजे व्हीलचेअर ओट्याखाली जाते. वाळूच्या खाली निचऱ्याचा पाइप आणि रात्री झाकायला जाळीचं आच्छादन हवं, नाहीतर मांजरं आपलं काम उरकतात.

फिरत्या चक्रीची गोष्ट मेरीलँडमधली आहे, पण ती आणायलाच हवी. बाल्टिमोरजवळच्या ग्विन ओक पार्कने २८ ऑगस्ट १९६३ ला, म्हणजे वॉशिंग्टनचा मोठा मोर्चा निघाला त्याच दिवशी, काळ्या लोकांना दारं उघडली. अकरा महिन्यांची एक मुलगी वडिलांच्या आधाराने तिथल्या लाकडी घोड्यांच्या चक्रीवर बसली. तीच चक्री पुढे वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर आली. आपल्या मैदानात चक्री जमिनीशी सपाट हवी, व्हीलचेअर सरळ आत जाईल अशी. कडेचा वेग सेकंदाला ४ मीटरच्या आत राहील असा ब्रेक तिला हवा. अशा चक्र्या बंद पडतात त्या एकाच कारणाने. तबकडीखालच्या खड्ड्यात पाणी, पानं आणि रबराचा चुरा साठतो आणि बेअरिंग गंजतं. खड्ड्याच्या तळाला १० सेंटिमीटरचा निचरा-पाइप आणि साफसफाईसाठी उघडणारी झडप असेल, तरच ती घ्यावी.

काही जागा मोकळी सोडायलाही हिंमत लागते. दोन दोर उलटसुलट फिरवत उड्या मारायचा ‘डबल डच’ हा खेळ काळ्या मुलींनी शहरांच्या फुटपाथवर वाढवला. १९७४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याची पहिली स्पर्धा भरली. त्याला लागते फक्त सहा बाय चार मीटरची गुळगुळीत, सपाट, सावलीतली काँक्रीटची फरशी. रबराच्या जमिनीवर दोर उसळत नाही, अडकतो. तरीही जवळपास प्रत्येक आराखड्यात ही रिकामी जागा पाहून कुणीतरी तिथे एक खेळणं सुचवतं. त्याला नकार द्यावा. शेजारी ढोल असावेत. १७३९ च्या गुलामांच्या स्टोनो बंडानंतर साउथ कॅरोलिनाने १७४० च्या कायद्यात गुलामांच्या ढोलांवर बंदी घातली. मग हातांनी मांड्या, छाती, गाल यांवर ताल धरण्याची परंपरा वाढली. ढोल असलेल्या कोपऱ्यात ताल धरायला बसायची एक गोल कड पुरते.

हॅरिएट टबमन यांच्याविषयी एक सावधगिरी. गोधड्यांवरच्या नक्षीत गुलामांना पळून जाण्याच्या वाटा लपवलेल्या असत, ही गोष्ट मैदानं आखणाऱ्यांची फार आवडती आहे, कारण रंगीत चौकोन जमिनीवर छान दिसतात. इतिहासकारांना त्याला आधार सापडलेला नाही, म्हणून ती घेऊ नये. ध्रुवतारा मात्र खरा आहे. १८४९ मध्ये टबमन स्वतः गुलामगिरीतून सुटल्या, मग सुमारे १३ फेऱ्या करून त्यांनी ७० च्या आसपास माणसं सोडवली, आणि ताऱ्यावर नजर ठेवून उत्तरेकडे चालत राहिल्या. ६० सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर आतल्या व्यासाची पोलादी नळी खांबावर पक्की बसवायची. तिचं तोंड खऱ्या उत्तरेला आणि वर ३२.४ अंशांवर, कारण माँटगोमेरीचं अक्षांश तेवढं आहे. (मुंबईत हीच नळी १९ अंशांवर लावावी लागेल.) ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून एका अंशाहून कमी सरकलेला आहे. या नळीतून साधारण पाच अंशांचं आकाश दिसतं, म्हणून तो रात्रभर आतच राहतो. पण मजुराने होकायंत्रावरून दिशा धरली तर चुंबकीय उत्तर काही अंशांनी चुकते आणि नळीत नुसता काळोख दिसतो. दिशा रात्री, तारा पाहूनच पक्की करावी आणि मग वेल्डिंग करावं. डिसेंबरात तिथे पाचच्या आत सूर्य मावळतो. तेवढ्या दिवसांत मैदान सात वाजेपर्यंत उघडं ठेवायची परवानगी घेतली, तर शाळेतली मुलं तारा पाहू शकतात.

सावली ही इथे सजावट नाही. १९३० च्या दशकात घरकर्जासाठी शहरांचे नकाशे रंगवले गेले आणि काळ्या वस्त्या लाल रंगात टाकल्या गेल्या. तिथे कर्ज मिळेना, गुंतवणूक येईना, झाडंही लागली नाहीत. १०८ शहरांच्या २०२० सालच्या एका अभ्यासात या लाल वस्त्या आजही सरासरी २.६ अंश सेल्सिअसने जास्त तापतात असं दिसलं. दक्षिणेकडे तोंड केलेली पत्र्याची घसरगुंडी आणि गडद रंगाचं रबर यांनी लहान मुलांची कातडी भाजते. घसरगुंड्या उत्तरेकडे वळवाव्यात, रबर फिकट रंगाचं घ्यावं आणि झाडं खेळणी बसवण्याच्या आधी लावावीत. आधी खेळणी बसवली तर पायांच्या काँक्रीटमुळे मुळांना जागा उरत नाही, आणि मग कायमचं कापडी छत येतं, जे वादळात फाटतं.

उताराच्या वाटाही याच इतिहासातल्या आहेत. १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अपंग कार्यकर्ते एका सरकारी इमारतीत जवळजवळ महिनाभर ठाण मांडून बसले, तेव्हा त्यांना रोज गरम जेवण पोहोचवलं ते काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘ब्लॅक पँथर्स’ या संघटनेने. १९९० चा अपंगांच्या हक्कांचा कायदा त्या वाटेनेच आला. म्हणून उताराच्या वाटा मैदानाच्या मागच्या बाजूला वेगळ्या काढू नयेत. मुख्य दारातून सगळ्यांसाठी एकच वाट असावी. उंच खेळण्यांवर जाणाऱ्या उतारांची चढण १२ ला १, आणि दर ३० सेंटिमीटर चढल्यावर सपाट विसावा हवा.

झोक्याखाली, चढणाखाली लाकडाच्या बारीक ढलप्या वापरणार असाल तर ३० सेंटिमीटर भराव्यात, त्या दबून २३ होतात. झोक्यांखाली आणि घसरगुंडीच्या पायथ्याशी त्या पायांनी उडतात, तिथे चटया घालाव्यात. कुठेही फट ८९ ते २२९ मिलिमीटरच्या मध्ये नको. त्यातून मुलाचं धड जातं आणि डोकं अडकतं. हे तपासायचे साचे तपासनिसाकडे असतात, आणि स्थानिक कारागिराने बनवलेलं प्रत्येक शिल्प त्या साच्यांनी तपासूनच स्वीकारावं. कलाकार दुखावतात, पण मोजमाप आधीच देऊन ठेवलं तर दुखावत नाहीत.

मजकुराचे फलक सगळ्या मैदानात सहा-सात पुरेत. प्रत्येकावर चाळीस-पन्नास शब्द, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला, ब्रेलसह. त्याहून चांगलं म्हणजे हाताने फिरवायचं यंत्र, जे फिरवल्यावर शहरातल्या वृद्ध माणसाचा आवाज अर्धा मिनिट ऐकवतं. बॅटरी लागत नाही, वीज हातातून येते. ध्वनिपट्टी अर्ध्या मिनिटाहून लांब असली तर मूल मध्येच सोडून जातं. बोलणाऱ्यांची लेखी परवानगी घ्यावी, त्यांच्या घरच्यांना मूळ ध्वनिमुद्रण द्यावं. आणि हे काम मैदान तयार व्हायच्या दोन वर्षं आधी सुरू करावं, कारण १९५६ मध्ये चाललेली माणसं आता थोडी उरली आहेत.

खेळ सुरू होण्याआधी कागद नीट करावे लागतात. जॉर्जियातल्या मेकन शहरात बेकन्सफील्ड नावाची मोठी बाग होती. एका सिनेटरने मृत्युपत्रात ती गोऱ्या बायका-मुलांसाठी ठेवली होती. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथला वर्णभेद रद्द ठरवला, तेव्हा वारसांनी जमीन परत मागितली, आणि १९७० मध्ये त्याच न्यायालयाने ती त्यांच्या पदरात टाकली. बाग गेली. म्हणून जमीन देणगीत येत असेल, तर देणगीपत्रात परतीची अट असता कामा नये, आणि मालकी थेट शहराकडे हवी. माँटगोमेरीत बागा बंद असताना शहराने मुलांच्या खेळांचा कारभार एका खाजगी संस्थेकडे सरकवला होता आणि वर्णभेद त्या आडून चालू राहिला होता, हे पुढे कोर्टात उघड झालं. त्यामुळे कारभार बाहेर द्यायचा झाला तर प्रवेश सगळ्यांना खुला आणि विनाशुल्क राहील हे करारात लिहून घ्यावं. सोबत देखभालीची रक्कमही वेगळी दाखवावी: दरवर्षी ढलप्यांची भर, दर महिन्याला चक्रीच्या खड्ड्याची सफाई, रंगाचा डबा आणि मतदानाच्या पाटीसाठी अर्ध्या दिवसाची मजुरी, आणि दर सहा महिन्यांनी ३८१ पट्ट्या एक एक मोजून पातळी तपासणं.